‘एक हिटलर पाहिजे’ या वाक्याविषयी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी सकाळी तळजाईच्या टेकडीवरून उतरताना पायथ्याच्या चहाच्या गाडीपाशी चार-पाच जणांचे बोलणे कानावर पडले. विषय रस्त्यातल्या खड्ड्यांचा होता. खड्ड्यांवरून तो महापालिकेवर गेला, महापालिकेवरून एकूण राजकारणावर, आणि शेवटी त्यांच्यातले एक वयस्कर, सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, ‘‘या देशाला एक हिटलरच पाहिजे, त्याशिवाय हे लोक सरळ व्हायचे नाहीत.’’ बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यात कॉलेजात जाणारी दोन मुलेही होती. हे वाक्य मी काही पहिल्यांदा ऐकले नाही. एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. शिक्षकांच्या खोलीत, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत ते माझ्या कानांवर किती वेळा आले असेल याची गणती नाही. त्या दिवशी मी काही न बोलता घरी आले. न बोलल्याची रुखरुख आठवडाभर मनातून जाईना, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे याची मला जाणीव आहे, तरी आपण त्याला जागा द्यावी ही विनंती.

त्या वाक्यामागे दोन समजुती आहेत. एक अशी, की हुकूमशहा स्वतःच्या मनगटाच्या जोरावर सत्ता घेतो. दुसरी अशी, की त्याने घर तर नीट लावले होते, पुढे तो युद्धाच्या नादी लागला ही त्याची चूक झाली. म्हणजे घर लावणे वेगळे आणि युद्ध वेगळे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटापासून १९४१ पर्यंतचा घटनाक्रम तारखांसह समोर ठेवला, तर या दोन्ही समजुती टिकत नाहीत. त्या काळात सत्ता जितकी हिसकावली गेली, त्याहून अधिक ती सुपूर्त केली गेली, आणि सुपूर्त करणारे हात राजाचे, राष्ट्राध्यक्षाचे, संसदेचे होते. देशात ‘नाही’ म्हणू शकणारी माणसे आणि संस्था एकेक करून बाजूला झाल्या, आणि युद्धाचा निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा तो अडवण्याचा अधिकार असलेले कोणी उरले नव्हते. घर ‘लावणे’ याचा अर्थच तो होता.

सुरुवात इटलीपासून करावी लागते. पहिल्या महायुद्धात इटली जिंकणाऱ्यांच्या बाजूला होती, हे आपण विसरतो. तेव्हा हुकूमशाही केवळ पराभवाच्या अपमानातून जन्मते असेही नाही. युद्धानंतरचे संप, जमिनींवरचे कब्जे, महागाई आणि विजयाचा वाटा आपल्याला मिळालाच नाही ही भावना यांनी तो देश ढवळून निघाला होता. मार्च १९१९ मध्ये मुसोलिनीने मिलानमध्ये आपली संघटना काढली. तिच्या काळ्या डगलेवाल्या टोळ्या गावोगावी कामगार संघटनांची कार्यालये जाळू लागल्या, तेव्हा जमीनदारांनी त्यांना पैसा पुरवला आणि पोलिसांनी अनेकदा काणाडोळा केला. १९२१ च्या निवडणुकीत जिओलिती या मुरब्बी उदारमतवादी पंतप्रधानांनी समाजवाद्यांना शह देण्यासाठी या मंडळींना आपल्या आघाडीत घेतले, आणि त्यांचे ३५ जण संसदेत पोहोचले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस ती प्रसिद्ध ‘रोमवरची चढाई’ झाली. या चढाईचे चित्र आपल्या मनात फार भव्य असते. प्रत्यक्षात अपुऱ्या शस्त्रांचे स्वयंसेवक पावसात भिजत शहराबाहेर थांबले होते आणि राजधानीतल्या फौजेला त्यांना पांगवणे जड गेले नसते. पंतप्रधान फाक्ता यांनी २८ ऑक्टोबर १९२२ रोजी लष्करी कायद्याचा हुकूम राजापुढे ठेवला, आणि राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने त्यावर सही करण्याचे नाकारले. मुसोलिनी त्या वेळी मिलानलाच होता. राजाचे बोलावणे आल्यावर तो रात्रीच्या आगगाडीने रोमला आला.

त्यानंतरचा भाग शिकवताना मी नेहमी वर्गात जरा थांबत असे. १९२३ मध्ये संसदेने असा कायदा केला, की किमान २५ टक्के मते मिळवून पहिला येणाऱ्या पक्षाला दोन तृतीयांश जागा मिळाव्यात. सभागृहाने स्वतःच्या हाताने स्वतःला दुबळे केले. ३० मे १९२४ रोजी जाकोमो मात्तेओत्ती हे समाजवादी खासदार उभे राहिले आणि आरडाओरड्याला न जुमानता त्यांनी नुकत्याच झालेल्या निवडणुकीतील मारहाण, धमक्या आणि खोटे मतदान यांचा पाढा वाचला. १० जूनला रोममध्ये भर दिवसा त्यांना मोटारीत घालून पळवले गेले. ऑगस्टमध्ये त्यांचा मृतदेह सापडला. देश हादरला, मुसोलिनीचे आसन डळमळले. विरोधी पक्षांनी निषेध म्हणून सभागृहावर बहिष्कार टाकला आणि राजा न्याय करील म्हणून ते वाट पाहत बसले. राजाने काही केले नाही. त्या विरोधकांचा राग खरा होता आणि त्यांच्यातल्या कित्येकांनी पुढे तुरुंग आणि परदेशवास भोगला, म्हणून त्यांना नावे ठेवण्याचे माझे धाडस होत नाही; पण आपली जागा रिकामी करून त्यांनी ती लढाई सोडली असेच मला वाटते. ३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनीने त्याच सभागृहात जे घडले त्याची सारी जबाबदारी आपल्यावर घेतो असे उघड सांगितले, आणि त्याला जाब विचारणारे कोणी निघाले नाही. १९२६ च्या अखेरपर्यंत इतर सर्व पक्ष संपले.

जर्मनीबाबत आपल्याकडे एक सरळ रेषा शिकवली जाते आणि मीही ती वर्षानुवर्षे फळ्यावर काढली आहे: व्हर्सायचा तह, अपमान, महामंदी, हिटलर, युद्ध. परीक्षेतल्या पाच गुणांसाठी ती पुरते. ती खोटीही नाही. पण त्या रेषेत माणसांचे निर्णय दिसत नाहीत, आणि मग विद्यार्थ्याला वाटते की हे सारे पाऊस पडावा तसे आपोआप घडले. तहावर २८ जून १९१९ रोजी सह्या झाल्या. १९२१ मध्ये नुकसानभरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरला. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला चार लाख कोटींहून अधिक मार्क मोजावे लागत होते. इतके सारे सोसूनही मे १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला २.६ टक्के मते आणि फक्त १२ जागा मिळाल्या होत्या. अपमान तर तोपर्यंत नऊ वर्षांचा झाला होता. केवळ अपमानाने हुकूमशहा येत असता, तर तो तेव्हाच यायला हवा होता.

बदलले ते १९२९ च्या मंदीनंतर, आणि बदलण्याची रीत पाहण्यासारखी आहे. बहुमताचे सरकार जुळेना, तेव्हा चॅन्सेलर (म्हणजे पंतप्रधान) ब्रुनिंग यांनी राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखाली राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या वटहुकमांवर कारभार चालवायला सुरुवात केली. हे कलम संकटकाळासाठी होते. ते रोजच्या वापराचे झाले. १९३२ या वर्षात संसदेने अवघे पाच कायदे केले आणि वटहुकूम त्याच्या दहा पटींहून अधिक निघाले. हिटलर अजून सत्तेत आला नव्हता, आणि संसदेशिवाय राज्य चालते याची लोकांना सवय झाली होती. त्याच वर्षी २० जुलै रोजी ब्रुनिंग यांच्यानंतरचे चॅन्सेलर पापेन यांच्या सरकारने याच कलमाच्या आधारे प्रशिया प्रांताचे सरकार बरखास्त केले. जर्मनीचा निम्म्याहून अधिक मुलूख आणि लोकसंख्या त्या एका प्रांतात होती, आणि तेथील पोलीस दल ही प्रजासत्ताकाच्या हातातली शेवटची मोठी ताकद होती. सहा महिन्यांनी तेच पोलीस दल हिटलरचा निकटचा सहकारी गोअरिंग याच्या हाताखाली आयते गेले. ही घटना आपल्या पाठ्यपुस्तकांत कोठेच येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

जुलै १९३२ मध्ये, साठ लाखांच्या आसपास लोक बेकार असताना, हिटलरच्या पक्षाला ३७.३ टक्के मते मिळाली. ती त्याची मोकळ्या निवडणुकीतली सर्वोच्च मजल. नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा सुमारे वीस लाख मते घटली आणि २३० जागांच्या १९६ झाल्या. समाजवादी लोकशाही पक्ष आणि कम्युनिस्ट यांच्या जागा मिळून २२१ होत्या, म्हणजे त्याच्याहून अधिक. पण कम्युनिस्ट या समाजवाद्यांना फॅसिस्टांचेच भाऊबंद म्हणत होते आणि दोघे एकत्र येण्याचा प्रश्नच नव्हता. लाट ओसरत असताना, ४ जानेवारी १९३३ रोजी, कोलोन येथे एका बँकरच्या घरी पापेन आणि हिटलर यांची गुप्त भेट झाली. पापेन यांना आपले चॅन्सेलरपद गेल्याचा सूड घ्यायचा होता, उद्योगपतींपैकी काहींना कामगार संघटनांचा बंदोबस्त हवा होता, आणि हिंडेनबुर्गभोवतीच्या मंडळींना संसदेची कटकट नको होती. ३० जानेवारीला हिटलर चॅन्सेलर झाला. त्याच्या मंत्रिमंडळात त्याच्यासह नाझी पक्षाचे तिघेच होते. बाकी सर्व जुन्या घरंदाज वर्तुळातले. हा माणूस आपल्या मुठीत राहील, असा त्या सगळ्यांचा हिशेब होता.

तेथून पुढे सारी सत्ता हाती यायला बावन्न दिवस लागले. २७ फेब्रुवारीच्या रात्री संसदेच्या इमारतीला आग लागली, आणि दुसऱ्याच दिवशी हिंडेनबुर्ग यांच्या सहीने निघालेल्या वटहुकमाने व्यक्तिस्वातंत्र्य, मुद्रणस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य, टपालाची गुप्तता, सारे तहकूब झाले. तो वटहुकूम १९४५ पर्यंत कधीही मागे घेतला गेला नाही. गोअरिंगने प्रशियात सुमारे पन्नास हजार पक्षकार्यकर्त्यांच्या दंडावर पट्टी बांधून त्यांना पोलिसांचे सहाय्यक करून टाकले. अशा वातावरणात ५ मार्चला मतदान झाले, तरीही नाझींना ४३.९ टक्क्यांवर जाता आले नाही. २२ मार्चला डाखाऊची छळछावणी उघडली. २३ मार्चला क्रोल संगीतगृहात भरलेल्या संसदेपुढे, मंत्रिमंडळाला संसदेवाचून कायदे करण्याचा अधिकार देणारा कायदा आला. ८१ कम्युनिस्ट सदस्यांना आत येऊ दिले नव्हते. सभागृहाच्या मार्गिकांत गणवेशातली पथके उभी होती. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाला हिटलरने एक हमीपत्र लिहून देण्याचे कबूल केले होते. ते पत्र आले नाही, आणि तरी त्या पक्षाने कायद्याच्या बाजूने मत दिले. बाजूने ४४४ आणि विरुद्ध ९४. ते ९४ सगळे समाजवादी लोकशाही पक्षाचे होते, आणि त्यांच्या वतीने ओटो वेल्स बोलले. आमचे स्वातंत्र्य आणि प्राण घेता येतील, पण अब्रू घेता येणार नाही, या आशयाचे त्यांचे भाषण मी दरवर्षी नववीच्या मुलांना माझ्या शब्दांत सांगत असे, आणि वर्ग एरवी कितीही दंगेखोर असला तरी त्या दिवशी गप्प होत असे. १४ जुलै १९३३ रोजी देशात एकच पक्ष कायदेशीर उरला.

आता त्या गृहस्थांच्या मनात जो मुद्दा असणार, तो घेते. रस्ते झाले, बेकारी गेली, हे तर खरे ना? कोलोन-बॉन हा मोटारींसाठीचा स्वतंत्र रस्ता १९३२ मध्येच, हिटलर येण्याआधी, खुला झाला होता. बेकारीचे आकडे उतरले हे खरे. त्यातला काही भाग यहुद्यांना आणि अनेक स्त्रियांना नोकऱ्यांतून आणि मोजणीतून वगळल्यामुळे उतरला, आणि मोठा भाग शस्त्रनिर्मितीमुळे व १९३५ मध्ये सुरू केलेल्या सक्तीच्या लष्करभरतीमुळे. कामगार संघटना २ मे १९३३ रोजीच मोडल्या होत्या, त्यामुळे कारखान्यात मजुरी वाढवून मागणारे कोणी नव्हते. पैसा कोठून आला? राइशबँकेचे, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे, प्रमुख शाख्त यांनी एका नाममात्र कंपनीच्या हुंड्या काढण्याची युक्ती केली. तिच्यातून सुमारे १२ अब्ज मार्कांची शस्त्रे सरकारी जमाखर्चात न दिसता उभी राहिली. १९३६ च्या उन्हाळ्यात हिटलरने एका गुप्त टिपणात लिहिले, की चार वर्षांत सैन्य आणि अर्थव्यवस्था युद्धाला सज्ज झाली पाहिजे. परकीय चलन संपत आले, कच्चा माल मिळेना. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळल्यावर तिचे सोने हाती लागले. जानेवारी १९३९ मध्ये राइशबँकेच्या संचालकांनी हा खर्च चलन बुडवील असा लेखी इशारा दिला, तेव्हा हिटलरने शाख्त यांनाच घरी पाठवले. मार्चमध्ये प्राग घेतले, तेथील शस्त्रांचे कारखाने घेतले. ज्याला आपण ‘घर नीट लावले’ म्हणतो, ते घर उसनवारीवर आणि पुढच्या लुटीच्या भरवशावर उभे होते. युद्ध टाळून ते चालवायचे, तर शस्त्रांचा खर्च आवरावा लागला असता. ते सांगणारा माणूस खुर्चीवरून उतरवला गेला होता.

एक बारीकशी नोंद मला फार महत्त्वाची वाटते. हिटलरच्या मंत्रिमंडळाची शेवटची बैठक ५ फेब्रुवारी १९३८ रोजी झाली. त्यानंतर ते मंत्रिमंडळ पुन्हा कधी भरलेच नाही. त्याच्या आदल्याच दिवशी हिटलरने सैन्याचे प्रमुखपद स्वतःकडे घेतले होते आणि परराष्ट्रमंत्री बदलला होता. सैनिक तर ऑगस्ट १९३४ पासून राज्यघटनेऐवजी त्याच्या नावाची शपथ घेत होते. १९३८ च्या उन्हाळ्यात भूदलाच्या जनरल स्टाफचे प्रमुख बेक यांनी चेकोस्लोव्हाकियावरच्या हल्ल्याला विरोध केला आणि राजीनामा दिला. राजीनामा गुपचूप स्वीकारला गेला आणि जनतेला त्याची वार्ताही लागली नाही. १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर हल्ला झाला, तेव्हा आठ कोटी माणसांचा तो देश अशा युद्धात उतरला ज्यावर मंत्रिमंडळात चर्चा नाही, संसदेत मतदान नाही, वर्तमानपत्रात एका ओळीचा आक्षेप नाही.

जपानची वाट निराळी आहे, कारण तेथे हिटलरसारखा एक माणूस दाखवता येत नाही. तेथे सैन्याने सरकारला ओढत नेले. १८ सप्टेंबर १९३१ रोजी मांचुरियात मुकडेनजवळ जपानी अधिकाऱ्यांनीच रेल्वेमार्गावर स्फोट घडवला. नुकसान इतके किरकोळ, की थोड्या वेळाने गाडी तेथूनच पुढे गेली. चिन्यांवर आळ घालून सैन्याने मुलूख घ्यायला सुरुवात केली. टोकियोचे सरकार विस्तार नको म्हणत राहिले, आणि मग झालेल्या खर्चाला मंजुरी देत गेले. १५ मे १९३२ रोजी नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाई यांना त्यांच्या निवासस्थानी गोळ्या घातल्या. खटल्यात या खुन्यांच्या देशभक्तीचे इतके कौतुक झाले, दयेचे इतके अर्ज आले, की शिक्षा सौम्य झाल्या. १९३६ पासून युद्धमंत्री हा सेवेतलाच सेनाधिकारी असला पाहिजे हा नियम परत आला. सैन्याने माणूस द्यायचे नाकारले की सरकार बनत नसे. जुलै १९३७ मध्ये चीनशी पूर्ण युद्ध पेटले आणि डिसेंबरात नानकिंगची कत्तल झाली. त्या चीनमध्ये जखमींची शुश्रूषा करायला आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. चीन सुटेना म्हणून जपान दक्षिणेकडे वळला, अमेरिकेने तेल तोडले, आणि ७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बर या अमेरिकी नाविक तळावर हल्ला केला. चार दिवसांनी हिटलरने आपण होऊन अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले, आणि युरोप व आशिया या दोन खंडांतली युद्धे एक झाली.

देशांच्या सीमेबाहेरही देण्याचाच क्रम चालू होता. ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर स्वारी केली. राष्ट्रसंघाने निर्बंध घातले, पण त्यांत तेल वगळले, आणि सुएझ कालवा इटलीच्या जहाजांना खुला राहिला; विषारी वायू वापरून तो देश घेतला गेला. सम्राट हैले सेलासी यांनी ३० जून १९३६ रोजी जिनिव्हात येऊन स्वतः गाऱ्हाणे मांडले, तेव्हा तेथे इटालियन पत्रकारांनी शिट्या वाजवल्या. त्याच वर्षी ७ मार्चला हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे ऱ्हाइन नदीकाठच्या ज्या जर्मन मुलुखात व्हर्सायच्या तहाने फौज ठेवायला मनाई होती तेथे, फौज घुसवली होती. नदीच्या पश्चिमेला गेलेल्या पलटणी अवघ्या तीन होत्या, आणि फ्रेंच पुढे आले तर माघारी फिरा असा त्यांना हुकूम होता. फ्रेंच पुढे आले नाहीत. १९३८ च्या म्युनिक कराराची, चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा हिटलरला देऊन टाकण्याची, कथा सर्वांना माहीत आहे. एवढेच सांगते, की ज्या चेकोस्लोव्हाकियाचे लचके तोडायचे होते, त्या देशाच्या प्रतिनिधींना चर्चेच्या खोलीत बसू दिले नव्हते. ब्रिटन आणि फ्रान्सच्या नेत्यांना युद्ध नको होते. पहिल्या युद्धात एक पिढी कापली गेलेल्या देशांची ती इच्छा मी हिणवणार नाही. पण आत आपल्या माणसांना दिलेले कोणतेही वचन ज्याने पाळले नाही, तो बाहेरच्यांना दिलेले पाळील, हा त्यांचा विश्वास मला कधीच समजू शकलेला नाही.

आणि २३ ऑगस्ट १९३९ चा करार. हिटलर आणि स्टालिन यांनी एकमेकांवर हल्ला न करण्याचे ठरवले आणि गुप्तपणे पोलंड वाटून घेतला. स्टालिनची फौज १७ सप्टेंबरला पूर्वेकडून घुसली. तेथून लाखो पोलिश माणसे सायबेरियात आणि मध्य आशियात नेली गेली. त्यांतली वाचलेली काही बायका-मुले इराणमार्गे फिरत फिरत १९४३ मध्ये कोठे आली, तर कोल्हापूरजवळ वळिवड्याला. सुमारे पाच हजारांची ती वसाहत युद्ध संपल्यानंतरही काही वर्षे होती. दोन हुकूमशहांनी मॉस्कोत एका रात्रीत केलेल्या कराराची झळ पंचगंगेच्या काठापर्यंत पोहोचली, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे. स्टालिनने १९३७ पासून आपल्या पाच मार्शलांपैकी तिघांचा बळी घेतला होता. त्याला अप्रिय बातमी सांगण्याची कोणाची छाती उरली नव्हती, आणि जून १९४१ मध्ये जर्मनी चालून येत असल्याचे इशारे त्याने खोटे म्हणून झटकले. त्याची किंमत त्याच्या देशातल्या कोट्यवधींनी भरली.

आपल्यालाही कोणी विचारले नव्हते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी मध्यवर्ती कायदेमंडळाला किंवा कोणा भारतीय नेत्याला न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. त्याच कारणाने मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. हुकूमशाहीविरुद्ध लढणाऱ्या साम्राज्याने आमच्यापुरते तेच केले, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. पंचवीस लाख भारतीय त्या सैन्यात गेले. माझे आजोबा त्यांपैकी एक. वेल्ह्याच्या खोऱ्यातला, घाटाखालचा समुद्रही न पाहिलेला मुलगा बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाला आणि दोन वर्षांनी इटलीत मुसोलिनीच्या देशाच्या डोंगरांत लढत होता. त्याच रेजिमेंटचे माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी, वरच्या टायबर खोऱ्यात, सोबतची सगळी तुकडी पडल्यावर एकट्याने मशिनगनवर धावून गेले. गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढले, ठाणे घेतले, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. बावीस वर्षांचे होते. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे शरीर मिळाले नाही. आजोबा डावा हात निकामी होऊन परत आले. ते रागावून किंवा अभिमानाने फार काही सांगत नसत; एवढेच म्हणत, ‘‘त्यांचं आमचं काय वैर होतं?’’ मला त्या प्रश्नाचे उत्तर देता यायला इतिहासाची पदवी घ्यावी लागली.

एक आक्षेप रास्त आहे: सगळेच हुकूमशहा युद्धात उतरले नाहीत. स्पेनचा फ्रँको यादवी युद्धाने पिचलेल्या देशाला घेऊन बाजूला राहिला, पोर्तुगालचा सालाझारही राहिला. पण ते बाजूला राहिले हे त्यांच्या देशांचे नशीब. उतरले असते तर त्यांना अडवू शकेल अशी कोणतीही संस्था त्या दोन्ही देशांत शिल्लक नव्हती. उलट इटलीत राजपद तेवढे उरले होते, म्हणून जुलै १९४३ मध्ये का होईना, मुसोलिनीला पदावरून काढता आले. जर्मनीत तशी एकही फट उरली नव्हती, आणि ते युद्ध बर्लिनच्या गल्ल्यांपर्यंत चालले.

आपल्या संविधान सभेतल्या मंडळींना हे सारे ताजे होते. आणीबाणीच्या तरतुदींवर बोलताना हरि विष्णू कामत यांनी वायमार संविधानाचा, म्हणजे हिटलरपूर्व जर्मनीच्या त्याच राज्यघटनेचा, दाखला देऊन धोक्याची सूचना दिली होती, आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजकारणातली विभूतिपूजा अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते असे स्पष्ट सांगितले होते. १९७५ मध्ये कामतांची भीती खरी ठरली. येरवड्याच्या तुरुंगात तेव्हा कोण कोण होते हे पुण्याच्या जुन्या माणसांना सांगायला नको. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे मोघम कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ असे केले. आपल्याकडे चूक दुरुस्त करता आली, कारण १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि मते मोजली गेली.

आपल्याला एक विनंती करून थांबते. दरवर्षी ३० जानेवारीला आपले दैनिक महात्मा गांधींच्या हौतात्म्याचे स्मरण करते, तसे ते करावेच. त्याच अंकात एका कोपऱ्यात १९३३ सालच्या पाच तारखा छापाव्यात: ३० जानेवारी, २८ फेब्रुवारी, ५ मार्च, २३ मार्च, १४ जुलै, आणि प्रत्येकीसमोर एकेका वाक्यात काय झाले ते. मजकूर मी लिहून द्यायला तयार आहे. खडकीच्या वॉर सिमेटरीत मी शाळेची मुले दरवर्षी नेत असे. निवृत्तीनंतर ते थांबले आहे, पण कोणा शाळेला हवे असल्यास मी अजूनही येईन. हे पत्र छापून आले, तर त्याचे कात्रण घेऊन मी रविवारी सकाळी तळजाईच्या पायथ्याशी चहाच्या गाडीपाशी जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त इतिहासशिक्षिका,
सहकारनगर, पुणे